मदतनिधीसाठी चित्रप्रदर्शन कसे भरवावे

परिसरातल्या चित्रकारांची चित्रे एकत्र मांडून विकावीत आणि आलेली रक्कम एखाद्या रुग्णालयाला, अनाथालयाला किंवा शाळेला द्यावी, असा विचार मनात आला की पहिली धावपळ सुरू होते ती सभागृह शोधण्याची. माझा सल्ला असा आहे की सभागृहाचा विषय दोन आठवडे बाजूला ठेवावा आणि आधी कागद-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसावे. प्रदर्शन देखणे सजते, उद्घाटनाला गर्दी होते, काही चित्रे विकलीही जातात. परंतु भाडे, छपाई आणि वाहतूक वजा जाता संस्थेच्या हाती जवळजवळ काहीच पडत नाही, असे घडताना मी पाहिले आहे. चित्रकारांना वाटते आपण देणगी दिली, प्रेक्षकांना वाटते आपण मदत केली, आणि ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप केला ते होते तिथेच राहतात. हे टाळता येते. मात्र त्यासाठीचे बहुतेक निर्णय पहिले चित्र भिंतीवर चढण्याच्या कितीतरी आधी, शक्यतो सहा महिने आधी, घ्यावे लागतात.

आधी हिशेब

पुढच्या उदाहरणातले आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. समजा, ४० चित्रे मांडली, एका चित्राची सरासरी किंमत १०० धरली आणि त्यांपैकी १० चित्रे विकली गेली, तर एकूण विक्री १,००० झाली. विक्रीतला निम्मा वाटा चित्रकाराचा ठरला असेल, तर मदतनिधीसाठी ५०० उरतात. जागा, दिवे, छपाई, वाहतूक आणि विमा यांवर ३०० खर्च झाले असतील, तर संस्थेपर्यंत २०० पोहोचतात; म्हणजे खरेदीदाराने दिलेल्या प्रत्येक १०० मधले फक्त २०. आता जागा विनामूल्य मिळाली, छपाईचा भार एखाद्या हितचिंतकाने उचलला आणि खर्च ५० वर आला असे धरले, तर त्याच विक्रीतून संस्थेला ४५० मिळतात. चित्रे तितकीच, खरेदीदार तितकेच, मेहनतही तितकीच, आणि मदत मात्र दुपटीहून अधिक. आणखी चार चित्रे विकण्यापेक्षा खर्चाचा एक देणगीदार शोधणे कितीतरी सोपे असते, आणि म्हणूनच आयोजकांच्या पहिल्या महिन्याची सगळी शक्ती तिकडे लागावी असे मला वाटते.

याच कागदावर वाईटात वाईट शक्यताही मांडून पाहावी. वरच्या उदाहरणात १० ऐवजी ५ चित्रे विकली गेली असती, तर निधीचा वाटा २५० आणि खर्च ३००, म्हणजे ५० पदरचे घालावे लागले असते. विक्री अपेक्षेच्या निम्मी झाली तरी तोटा होणार नाही, इतकीच खर्चाची मर्यादा ठरवावी आणि ती ओलांडण्याचा अधिकार कोणाही एका माणसाकडे ठेवू नये.

ज्या संस्थेसाठी प्रदर्शन भरवायचे, तिची लेखी संमती घेतल्याशिवाय तिचे नाव पत्रकावर छापू नये. संस्था नोंदणीकृत आहे का, तिचे हिशेब तपासलेले असतात का, आणि या रकमेतून ती नेमके काय करणार आहे, हे तीन प्रश्न सुरुवातीलाच विचारावेत. ‘मुलांच्या मदतीसाठी’ असे मोघम लिहिण्यापेक्षा ‘वसतिगृहाच्या ग्रंथालयातली पुस्तके आणि कपाटे यांसाठी’ असे लिहिता आले, तर चित्रकारही मनापासून सहभागी होतात आणि खरेदीदारालाही आपला पैसा कुठे जातो ते कळते.

चित्रकाराचा वाटा

या विषयावर माझे मत ठाम आहे. मदतीचे प्रदर्शन म्हटले की चित्रकाराने चित्र फुकट द्यावे, असे आयोजक गृहीत धरतात, आणि ते अन्यायाचे आहे. चित्रकाराने कॅनव्हास, रंग आणि फ्रेम यांवर खर्च केलेला असतो, कित्येक दिवस काम केलेले असते, आणि अशी विनंती त्याच्याकडे वर्षातून अनेकदा येत असते. करातली सवलत त्याला मिळतच असेल, असेही समजू नये. अमेरिकेत १९६९ च्या करसुधारणा कायद्यापासून चित्रकाराने स्वतःचे चित्र दान केले तर त्याला फक्त साहित्याच्या खर्चाइतकीच वजावट मिळते. तेच चित्र विकत घेतलेल्या संग्राहकाने दान केले, तर ठरावीक अटींवर त्याला बाजारभावाइतकी वजावट मिळू शकते. प्रत्येक देशाचे नियम वेगळे असतात, म्हणून आपल्याकडचा नियम जाणकाराला विचारून घ्यावा आणि चित्रकारांना तो आवाहनपत्रातच कळवावा.

या परंपरेच्या सुरुवातीच्या काळातले एक उदाहरण इथे आठवते. थॉमस कोरम यांच्या प्रयत्नांतून १७३९ साली लंडनमध्ये टाकून दिलेल्या मुलांसाठी फाउंडलिंग हॉस्पिटल ही संस्था स्थापन झाली, आणि पुढच्या दशकात विल्यम होगार्थ व त्याच्या बरोबरीच्या चित्रकारांनी तिला आपली चित्रे भेट दिली. चित्रे पाहायला सधन मंडळी येऊ लागली आणि त्यातून संस्थेला देणग्या मिळाल्या. पण त्याचबरोबर चित्रकारांनाही, त्या काळी लंडनमध्ये जवळजवळ नसलेली गोष्ट, म्हणजे आपले काम लोकांपुढे मांडायला कायमची जागा मिळाली. देणे दोन्ही बाजूंनी होते, म्हणून ते टिकले.

मला सर्वांत न्याय्य वाटलेली पद्धत अशी आहे: निधीचा किमान वाटा आयोजकांनी ठरवावा, समजा ४० टक्के, आणि त्याहून अधिक किती द्यायचे हे प्रत्येक चित्रकाराने स्वतः अर्जात लिहावे. कोणी ४० लिहील, कोणी १००. कोणी किती लिहिले ते जाहीर करू नये, कारण त्यातून नकळत दडपण येते. चित्राची किंमत मात्र चित्रकार इतरत्र ज्या किमतीला विकतो तीच ठेवावी. मदतीसाठी म्हणून किंमत उतरवली, तर आधी पूर्ण किंमत मोजलेल्या त्याच्या खरेदीदारांचा विश्वास उडतो आणि त्याचे नुकसान प्रदर्शन संपल्यानंतरही चालूच राहते.

जे ठरेल ते एका पानाच्या करारावर यावे. चित्राचे नाव, माध्यम, आकार, किंमत, दोन्ही वाट्यांची टक्केवारी, चित्र आणण्याची आणि परत नेण्याची तारीख, चित्रकाराला पैसे किती दिवसांत मिळतील, नुकसान झाल्यास जबाबदारी कोणाची आणि विमा कोणत्या काळापुरता आहे, इतके त्यात असले म्हणजे पुरे. चित्र विकले तरी त्याचा स्वामित्वहक्क, लेखी दिल्याखेरीज, बहुतेक देशांच्या कायद्यानुसार चित्रकाराकडेच राहतो; त्यामुळे पत्रकावर किंवा समाजमाध्यमांवर चित्राचे छायाचित्र वापरण्याची परवानगीही याच पानावर घ्यावी. आमच्या पहिल्या प्रदर्शनात हा करार नव्हता. एका ज्येष्ठ चित्रकाराने तोंडी सांगितलेली किंमत आमच्यापैकी एकाने चित्रकाराला मिळायची रक्कम म्हणून ऐकली, दुसऱ्याने विक्रीची किंमत म्हणून, आणि चित्र विकले गेल्यावर जो अवघडलेपणा झाला तो त्यांच्या मोठेपणामुळे मिटला. त्यानंतर सहीशिवाय आम्ही एकही चित्र स्वीकारले नाही.

विक्रीची पद्धत

ठरलेल्या किमतीला विक्री हा सर्वांत सरळ मार्ग आहे, आणि वाटा घेणाऱ्या चित्रकारांच्या चित्रांसाठी मी तोच सुचवेन. बोली लावण्याच्या पद्धतीत उत्साह असतो, परंतु धोकाही असतो. नेहमी १०० ला विकले जाणारे चित्र ६० वर थांबले आणि निम्मा वाटा चित्रकाराचा असला, तर त्याच्या हाती ३० येतात, आणि सर्वांदेखत त्याच्या चित्राचा भाव ६० ठरतो तो वेगळाच. म्हणून लिलावात फक्त पूर्णपणे दान केलेली चित्रे ठेवावीत, आणि त्यांनाही राखीव किंमत असावी, जिच्याखाली चित्र द्यायचे नाही.

मूक लिलाव करायचा असेल, तर प्रत्येक चित्राशेजारी बोलीपत्रक ठेवतात. त्यावर सुरुवातीची बोली, पुढची बोली किमान कितीने वाढवायची ती रक्कम (साधारणतः किमतीच्या ५ ते १० टक्के) आणि बोली बंद होण्याची नेमकी वेळ ठळकपणे लिहावी. बोली लावणाऱ्याने नावाऐवजी नोंदणीच्या वेळी मिळालेला क्रमांक लिहावा, म्हणजे कोणाचे नाव पाहून दुसऱ्याला संकोच वाटत नाही. सगळी पत्रके एकाच क्षणी बंद केली तर शेवटच्या पाच मिनिटांत गोंधळ उडतो. एकेका भिंतीची पत्रके पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतराने बंद केली, तर एका चित्राला मुकलेला माणूस दुसऱ्या चित्राकडे वळू शकतो.

नवख्या खरेदीदारांना आत ओढायचे असेल, तर एक पद्धत मला फार आवडते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टने १९९४ साली सुरू केलेल्या ‘आरसीए सीक्रेट’ या उपक्रमात नामवंत कलावंत आणि विद्यार्थी यांची पोस्टकार्डाएवढी चित्रे एकत्र मांडली जात, सही फक्त मागच्या बाजूला असे, सर्वांची किंमत सारखीच असे, आणि चित्र कोणाचे ते विकत घेतल्यावरच कळे. लहान प्रदर्शनातही हे सहज करता येते. सर्वांना एकाच मापाचे जाड कागद आधी वाटावेत. चित्रकाराला तेवढे काम दान करणे जड जात नाही, आणि पाहणारा नाव न पाहता चित्र पाहतो, जे एरवी फार क्वचित घडते.

सोडत काढण्याचा मोहही अनेकांना होतो. होगार्थने १७५० साली आपल्या ‘मार्च ऑफ द गार्ड्स टू फिंचली’ या चित्राची सोडत काढली, न विकली गेलेली तिकिटे फाउंडलिंग हॉस्पिटलला देऊन टाकली, आणि चित्र त्या संस्थेलाच लागले. ही हकिकत सुंदर आहे. तरीही आज सोडतीला अनेक ठिकाणी परवानगी लागते आणि काही ठिकाणी ती करताच येत नाही, म्हणून कायदा पाहिल्याशिवाय तिकिटे छापू नयेत.

निवड आणि स्वीकार

चित्रांची निवड तीन जणांच्या समितीने करावी आणि त्यात किमान एक जण जाणता चित्रकार असावा. उद्देश चांगला आहे म्हणून येईल ते सगळे भिंतीवर लावले, तर चांगल्या चित्रांचीही किंमत उतरते. नकार कळवताना पत्र व्यक्तिशः लिहावे.

किती चित्रे घ्यायची, हे भिंत ठरवते. उपलब्ध भिंतीची लांबी मोजावी आणि त्यातून दारे, खिडक्या, विजेची बटणे वजा करावीत. चित्राची सरासरी रुंदी ६० सेंटिमीटर आणि दोन चित्रांमध्ये ४० सेंटिमीटर मोकळी जागा धरली, तर एका चित्राला एक मीटर भिंत लागते. ४० मीटर भिंतीवर ४० चित्रे, त्याहून अधिक नाहीत. आवाहनपत्रात आकाराची कमाल मर्यादा, फ्रेम केलेली असण्याची अट आणि मागे टांगण्याची सोय असण्याची अट स्पष्ट लिहावी. फ्रेमच्या मागे दोन्ही बाजूंना, वरून साधारण एक-तृतीयांश उंचीवर, कड्या स्क्रूने बसवलेल्या असाव्यात आणि त्यांतून तार ओवलेली असावी. सुतळी किंवा चिकटपट्टीवर टांगलेले चित्र आम्ही परत पाठवतो, कारण पडलेल्या चित्राची भरपाई कोणत्याही क्षमायाचनेने होत नाही.

चित्र हातात घेताना, देणाऱ्यासमोरच, पुढून आणि मागून छायाचित्र काढावे, फ्रेमचे कोपरे, काच आणि रंगाचा पृष्ठभाग पाहावा, ओरखडा किंवा डाग असल्यास नोंदवावा आणि त्या नोंदीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात. तैलरंग हाताला कोरडा लागला तरी आतून पूर्ण सुकायला कित्येक महिने लागतात. अशा चित्राला फुग्यांचे प्लास्टिक थेट गुंडाळले, तर फुग्यांचे गोल ठसे रंगावर उमटू शकतात. आधी ग्लासीन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद ठेवावा आणि मग फुगे बाहेरच्या बाजूला येतील असे प्लास्टिक गुंडाळावे. काच लावलेल्या चित्राला प्रवासापुरती, सहज निघणारी चिकटपट्टी काचेवर फुलीच्या आकारात लावली, तर काच फुटली तरी तुकडे चित्रावर कोसळत नाहीत. कोळसा आणि पेस्टल यांची चित्रे काचेशिवाय स्वीकारूच नयेत.

मांडणी

मांडणीसाठी पूर्ण एक दिवस राखावा. प्रथम सगळी चित्रे भिंतीच्या पायथ्याशी टेकवून ठेवावीत आणि तासभर नुसती हलवत राहावे. कोणते चित्र कोणाशेजारी शोभते, कोणते शेजारच्याला गिळून टाकते, हे यादी पाहून कळत नाही. दारातून शिरताच समोर दिसणाऱ्या जागी सर्वांत बोलके चित्र असावे. एका चित्रकाराची दोन-तीन चित्रे असतील, तर ती एकत्र ठेवलेली बरी.

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटिमीटर उंचीवर यावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. चित्रे लहान-मोठी असली तरी सर्वांचे मध्य एका रेषेत आले की भिंत शांत दिसते. खिळ्याची जागा काढण्याचे गणित सोपे आहे: १४५ मध्ये चित्राची निम्मी उंची मिळवावी आणि ताणलेल्या तारेपासून फ्रेमच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर वजा करावे. चित्र ६० सेंटिमीटर उंच असेल आणि तार ताणल्यावर वरच्या कडेखाली ८ सेंटिमीटरवर येत असेल, तर १४५ अधिक ३० वजा ८, म्हणजे १६७ सेंटिमीटरवर खिळा. जड चित्राला दोन हुक लावावेत. त्याने वजन विभागते आणि चित्र तिरके होत नाही. भिंतीला खिळे मारायची परवानगी नसेल, तर उभे फलक मिळवावेत. मात्र त्यांच्या पायांना भार देऊन, हाताने ढकलून पाहिल्याशिवाय त्यांवर चित्र लावू नये. चाकांच्या खुर्चीतून येणाऱ्यांना वळता यावे म्हणून फलकांमध्ये किमान १५० सेंटिमीटर मोकळी जागा सोडावी.

प्रकाशाकडे आयोजकांचे दुर्लक्ष होते, याची मला खंत वाटते, कारण चित्र पाहणे म्हणजे शेवटी प्रकाशच पाहणे असते. दिवा वरून, उभ्या रेषेशी साधारण ३० अंशांच्या कोनात पडला, तर काचेवर चकाकी कमी येते आणि फ्रेमची सावलीही चित्रावर लांबत नाही. पिवळसर आणि निळसर दिवे एकाच भिंतीवर मिसळू नयेत. रंग खोटे दिसतात. संग्रहालये कागदावरच्या जलरंगांसाठी सुमारे ५० लक्स आणि तैलरंगांसाठी सुमारे २०० लक्स एवढीच उजेडाची पातळी ठेवतात. चार दिवसांच्या प्रदर्शनात इतका काटेकोरपणा साधणार नाही, पण खिडकीतून थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर जलरंग लावायचे नाहीत, एवढे नक्की पाळता येते.

प्रत्येक चित्राच्या उजव्या बाजूला एकाच उंचीवर चिठ्ठी लावावी: क्रमांक, चित्रकाराचे नाव, चित्राचे नाव, माध्यम, आकार (आधी उंची, मग रुंदी), वर्ष आणि किंमत. मुद्राचित्र, म्हणजे ठशावरून छापलेले चित्र, असेल तर आवृत्तीचा आकडाही द्यावा. ३/२५ म्हणजे पंचवीस प्रतींपैकी तिसरी, हे अनेक प्रेक्षकांना माहीत नसते, म्हणून यादीत एका ओळीत समजावून सांगावे. किंमत लपवू नये. विचारायला संकोचणारा माणूस न विचारताच निघून जातो.

प्रदर्शनाचे दिवस

उद्घाटनाची भाषणे मिळून पंधरा मिनिटांत संपवावीत आणि त्यांपैकी पाच मिनिटे संस्थेच्या प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाला द्यावीत. निधीतला वाटा कसा ठरला आहे, याचा एक साधा फलक दारातच लावावा: चित्रकाराला किती, संस्थेला किती, खर्च कोणी उचलला. हे आकडे वाचून लोक अधिक विश्वासाने खरेदी करतात, असा माझा अनुभव आहे. ज्यांना चित्र परवडत नाही त्यांच्यासाठी देणगीपेटी आणि, चित्रकारांची परवानगी असल्यास, चित्रांची छापील कार्डे असावीत.

चित्र विकले की लगेच चिठ्ठीवर लाल टिकली लावावी. राखून ठेवलेल्या चित्राला अर्धी टिकली लावतात. पण राखून ठेवण्याची मुदत २४ तासांपेक्षा जास्त देऊ नये आणि काही रक्कम आगाऊ घ्यावी. मोठी चित्रे शेवटच्या दिवसापर्यंत भिंतीवरच राहतील, हे खरेदीदाराला पैसे घेण्याआधी सांगावे. पैसे घेण्याचे टेबल एकच असावे, तिथे कायम दोन माणसे असावीत, पावती तीन प्रतींत व्हावी आणि रोजची रोकड दोघांनी मिळून मोजून सह्या करून बँकेत भरावी. पावतीवर चित्राची किंमत आणि वरची देणगी वेगवेगळी लिहावी, कारण करसवलतीचा नियम असेल तिथे हा भेद महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेत, उदाहरणार्थ, वस्तूच्या बाजारभावापेक्षा जास्त दिलेली रक्कमच खरेदीदाराची देणगी मानली जाते.

स्वयंसेवकांना नुसते उभे करू नये. प्रत्येकाला चार-पाच चित्रांविषयी चित्रकाराकडून ऐकलेली माहिती द्यावी, आणि प्रेक्षक चित्रासमोर थांबला असता त्याला आधी पाहू द्यावे, हेही सांगावे.

प्रदर्शन उतरल्यावर

न विकली गेलेली चित्रे स्वीकाराच्या वेळच्या छायाचित्रांशी ताडून, त्याच नोंदपत्रावर परतीची सही घेऊन द्यावीत. विकल्या गेलेल्या चित्रांचे पैसे चित्रकारांना कराराच्या मुदतीत, आणि संस्थेच्या रकमेआधी किंवा तिच्याबरोबर, द्यावेत. उशीर करायची पाळी आली, तर कारण कळवून करावा. ३० दिवसांच्या आत एका पानाचा हिशेब तयार करावा: एकूण विक्री, चित्रकारांना दिलेली रक्कम, देणगीपेटी, खर्च आणि तो कोणी केला, संस्थेला दिलेली रक्कम आणि तिच्या पोचपावतीचा क्रमांक. हे पान प्रत्येक चित्रकाराला, खरेदीदाराला आणि खर्चाच्या देणगीदाराला पाठवावे. ज्यांचे चित्र विकले गेले नाही त्यांना ते पाठवताना सोबत चार ओळी हाताने लिहाव्यात, आणि त्यांच्या चित्रासमोर कोण थांबले, कोणी काय विचारले, हे स्वयंसेवकांनी टिपून ठेवले असेल तर तेही त्यांना कळवावे. काही महिन्यांनी त्या रकमेतून घेतलेली कपाटे वसतिगृहात उभी राहिली, की त्यांचे छायाचित्र याच सगळ्या पत्त्यांवर पुन्हा एकदा पाठवावे.